तिसऱ्या बेसवरचा हात

रविवार, १४ ऑगस्ट १९८८

काल संध्याकाळी बेसबॉलच्या सामन्यात तिसऱ्या बेसजवळ मी एक निर्णय दिला आणि त्यानंतर दहा मिनिटांच्या आत माझा जोडीदार पंच अँब्रोस ग्विलिम याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. लीगला चोवीस तासांत अहवाल पाठवावा लागतो. तो मी आज पहाटेच लिहून टाकला. पंचाने अहवालात पाहिलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते नाही. एका पानात बसला. जे बसलं नाही त्याला जागा हवी, म्हणून ही वही. शाळेतून निवृत्त होताना प्रयोगशाळेतून उरलेली आहे, चौकटीच्या कागदाची.

आधी निर्णय. शेवटचा डाव, दोन बाद, आमच्या गावचा संघ एका धावेने मागे. मेतोद हुदाक दुसऱ्या बेसवर. चेंडू डावीकडे जमिनीलगत गेला आणि मेतोद सुटला. तिसऱ्या बेसजवळ कोच म्हणून त्याचा थोरला भाऊ सिरिल उभा होता. त्याने आधी हात फिरवून ‘पळ’ म्हटलं, मग चेंडू लवकर परत येताना पाहून दोन्ही तळवे पुढे केले. तोवर मेतोद तिसरा बेस ओलांडून पाच-सहा पावलं पुढे आला होता. सिरिलने त्याचा डावा दंड पकडला आणि त्याला गोणीसारखा मागे भिरकावला. मेतोद पोटावर पडला, हात बेसवर. चेंडू त्याच्यानंतर पोचला.

कोचने ओरडावं, नाचावं, जमिनीवर लोळावं. पण हात लावून पळणाऱ्याला मदत केली की पळणारा बाद. मी तोंडावरचा लोखंडी जाळीचा मुखवटा काढला, मूठ वर केली आणि सामना संपवला. अकरा वर्षांनी आमचं काल्डर गॅप अंतिम फेरीत जाणार होतं. ते तिथेच राहिलं.

मग माणसं कुंपणावरून उतरली. तेहेतीस वर्षांत माझ्या रसायनाच्या वर्गातून गेलेली निम्मी मंडळी मला शिव्या देत होती, आणि शिवीआधी सवयीने ‘बाई’ म्हणत होती. कुणीतरी तिसरा बेस खिळ्यासकट उपटला आणि माझ्या गाडीच्या पुढच्या काचेतून आत घातला. सिरिल मात्र धावत आला नाही. चालत आला. माझ्या हातातला मुखवटा त्याने काढून घेतला, तोही सावकाश, एखादी वस्तू परत घ्यावी तसा. अँब्रोस मध्ये शिरला. म्हणाला, “सिरिल, घरी जा बाबा, जेवण निवतंय.” सिरिलने मुखवट्याची लोखंडी बाजू त्याच्या तोंडावर मारली. एकदाच. आवाज फरशी फुटल्यासारखा आला. अँब्रोस गुडघ्यांवर बसला आणि ओंजळीत दात थुंकून ते मोजल्यासारखे पाहू लागला. मग चारी बाजूंनी हाणामारी झाली. बॅटी, बाटल्या, एकाचा कान फाटला. गावचा हवालदार बर्नी योनायटिस आमच्याच संघाचा कॅचर. त्याने वहीत ‘गर्दीत अपघात’ लिहिलं.

आज सकाळी इस्पितळात गेले. विम्यासाठी काचेचे फोटो काढायचे म्हणून झटपट फोटोचा कॅमेरा बरोबर होता. अँब्रोसचा जबडा तारांनी शिवून बंद केला आहे. खोलीबाहेर बाकावर मेतोद बसला होता, एकटा, टोपी हातात. तेवीस वर्षांचा माणूस, छपरांवर दगडी पाट्या बसवतो, आणि मला पाहून विद्यार्थ्यासारखा उभा राहिला.

“बाई, अँब्रोसकाकांना सांगा, मी आलो होतो.”

“आत जाऊन स्वतः सांग.”

“नको. दादाला कळलं तर उगाच.”

मी त्याला डावी बाही वर करायला सांगितली. तो म्हणाला, नको. मी म्हटलं, खरं दाखवायला लाज कसली. त्याने बाही वर केली. दंडावर चार बोटं आणि अंगठा, स्पष्ट, जणू शाईत बुडवून उमटवलेले. मध्ये हिरवट, कडांना पिवळे, जुन्या पितळेसारखे. गुरुवारी सुनावणी झाली तर यापेक्षा चांगला पुरावा कुठून मिळणार. मी फोटो काढला, उजेडात धरून वाळवला आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर लिहिलं: रविवार १४ ऑगस्ट, सकाळी दहा. कोचने धावपटूला केलेल्या मदतीचा पुरावा.

मेतोद बाही खाली करून मनगटाचं बटण लावत म्हणाला, “बाई, हा फोटो दादाने पाहिलाच पाहिजे का?”

“तो पाहील आणि गप्प बसेल,” मी म्हटलं.


सोमवार, १५ ऑगस्ट

लीगचे सचिव पुरसेल यांचा फोन. गुरुवारी सुनावणी. दोन प्रश्न: निर्णय टिकतो का, आणि सिरिलला कायमचं बाहेर काढायचं का. “व्हिल्मा, तुम्ही थोडं नमतं घ्या,” ते म्हणाले. “हात नुसता लागला असेल, असं म्हणा. लागणं वेगळं, मदत वेगळी.” मी म्हटलं, तो फरक मी तुम्हाला शिकवला आहे, साल आणि हॉलसकट सांगू शकते.

पण तो फरक मलाच दिवसभर टोचतो आहे. इथे लिहून ठेवते, अहवालात नाही. सिरिलचा हात दंडावर पडण्याच्या आधी मेतोदचं डोकं खाली गेलं होतं. खांदे वर, मान आत, कोपर तोंडापुढे. तोल गेला असेल. पण तो आपणहून थांबून मागे वळत होता असं धरलं, तर सिरिलच्या हाताने मदत झाली नाही, आणि माझा निर्णय चुकला. पंचगिरीच्या एकोणीस वर्षांत मैदानावर मेतोदइतका पायात पक्का खेळाडू मी पाहिला नाही. गंमत अशी की घरात तो सतत पडतो. शाळेतही कधी जिन्यावरून पडलेला, कधी सायकलवरून, एकदा चुलीवर हात टेकलेला. मी त्याला म्हणायचे, तुझे पाय मैदानावरच राहतात का रे.

तोल गेला. निर्णय बरोबर आहे.

दुपारी वाण्याकडे रांगेत तिघांनी मला पुढे जाऊ दिलं, आदराने नव्हे. कुणालाच माझ्या मागेपुढे उभं राहायचं नव्हतं.


मंगळवार, १६ ऑगस्ट

सिरिल आला. दुपारी चारला, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. ओसरीच्या पायरीवर बूट झटकले. मी लिंबूपाणी दिलं, ते त्याने संपवलं आणि पेला स्वतः विसळून ठेवला. त्याची शिस्त मला नेहमीच आवडत आली. बाप खाणीत मेला तेव्हा हा तेवीसचा, मेतोद आठचा. आई वर्षभरात गेली. सगळं गाव म्हणतं, सिरिलने धाकट्याला आपल्या हातांनी वाढवलं.

“बाई, गुरुवारी तुम्ही काय सांगणार?”

“पाहिलं ते.”

“पोरगं पडत होतं. मी सावरलं. भाऊ भावाला सावरणार नाही?”

“खेळात नाही. आणि अँब्रोसलाही सावरलंस का?”

तो हसला. “काकांना म्हणावं, तोंड बंद ठेवायचा सराव झाला तर बरंच आहे.” मग भिंतीवरच्या माझ्या मेपलच्या लाकडी पट्टीकडे बोट केलं. वर्गातली. निवृत्तीच्या दिवशी शाळेने चौकटीत बसवून दिली. “ती किती वेळा खाल्ली मी. म्हणून तर सरळ झालो. माणूस घडवायचा तर हात लागतोच, नाही का बाई?”

मला ते खोटं वाटलं नाही.

तो उठला. “फोटो काढलात म्हणे. बर्नीने इस्पितळात पाहिलं.”

“काढला.”

“द्या.”

“नाही देणार.”

“बरं. मग नीट सांगा तरी. मी असं धरलं होतं,” त्याने माझा डावा दंड हलकेच धरला, “की असं?” आणि आवळला. घाई नव्हती. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता, द्रावणाचा रंग कधी बदलतो हे पाहावं तसा. मला वाटलं हाड जाईल. मी ओरडले नाही, ओरडायला श्वास नव्हता. मग त्याने मला ओसरीच्या खांबावर ढकललं, डोकं आपटलं, आणि म्हणाला, “असंच, ना? आता तुम्हाला सांगायला सोपं जाईल.” जाताना फाटकाची कडी लावून गेला.

मी बर्नीला फोन केला. तो म्हणाला, “बाई, या वयात पायऱ्यांवर जपून चालत जा.”

दंडावर लाल, गरम, फुगलेले बोटांचे ठसे. गुरुवारी हेही दाखवीन. रोजचा रंग नोंदवून ठेवते.


बुधवार, १७ ऑगस्ट

वळ: गडद जांभळे. कडा स्पष्ट, लालसर. हात खांद्याच्या वर जात नाही.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोफणीचा दगड आला आणि साखरेचा डबा फुटला. साखरेतून काचा वेचण्यात तास गेला. शेवटी सगळीच फेकली.


गुरुवार, १८ ऑगस्ट

वळ: जांभळे, मध्ये जवळजवळ काळे.

सुनावणी चर्चच्या तळघरात. रविवारच्या जत्रेसाठी बायका तिथेच ब्लीनीसाठी, म्हणजे धिरड्यांसाठी, बटाटे आणि कांदे किसत होत्या, कांद्याच्या वासाने सगळ्यांचे डोळे पाणावलेले. समितीचे तिघे, पुरसेल मधोमध. सिरिल काळ्या कोटात. मेतोद त्याच्या शेजारी, ऑगस्टच्या उकाड्यात बाह्या मनगटापर्यंत.

मी उभं राहून सांगितलं. पुरसेलांनी विचारलं, हात मदत म्हणून लागला याला आधार काय. मी फोटो टेबलावर ठेवला. मग माझी बाही वर केली. म्हटलं, हात तोच, बोटं तीच, मोजून पाहा. करंगळी थोडी वाकडी आहे, दोन्हीकडे सारखी. एवढ्या जोराने धरलेला माणूस आपणहून मागे आला असं कोण म्हणेल?

किसण्या थांबल्या होत्या. बायका फोटोकडे पाहत होत्या आणि मग एकमेकींकडे, आणि मग पुन्हा किसायला लागल्या, आधीपेक्षा जोरात. मला वाटलं, पुरावा पटला.

पुरसेल म्हणाले, “मेतोद, तू सांग. भावाने तुला हात लावला?”

मेतोद टेबलाच्या कडेकडे पाहत होता. सिरिल म्हणाला, “सांग ना. बाईंच्या शेजारी बसून फोटो काढलास, आता लाजतोस कशाला?”

“बाई सांगतात ते खरं,” मेतोद म्हणाला.

निर्णय टिकला. सिरिलला लीगमधून कायमचं काढलं. तो रागावला नाही. फोटो उचलला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. मग मेतोदच्या मानेवर मागून पंजा ठेवला आणि त्याला दाराकडे नेला. “चल. उद्या छप्पर पुरं करायचं आहे.”

मेतोदने दारात एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. शाबास, या अर्थी.


शुक्रवार, १९ ऑगस्ट

सिरिल मेला.

सकाळी नऊला अग्निशमन दलाचा भोंगा झाला. दोघं भाऊ अग्निशमन दलाच्याच इमारतीच्या छपरावर काम करत होते. माझ्यापासून दोन गल्ल्या. आत ट्रक धुणाऱ्या माणसांनी वर आवाज ऐकले: काहीतरी फरफटलं, पाट्या सुटून पडल्या, एक माणूस एकाच सुरात बोलत होता, दुसऱ्याचा आवाज नव्हता. बराच वेळ. मग एक ठोका आणि छपरावरून घसरत येणारं काहीतरी जड.

मी पोचले तेव्हा तो अंगणात फुटक्या पाट्यांमध्ये पडला होता. कानाच्या वर पाटी फोडण्याच्या हातोडीचं टोक शिरून गेलेलं. भोवतीची धूळ रक्ताने चिखल झालेली. कमरेचा पट्टा त्याच्या उजव्या मुठीभोवती दोन वेढे गुंडाळलेला होता. करंगळी वाकडी. बर्नीने सगळ्यांच्या आधी पुढे होऊन तो पट्टा सोडवला, गुंडाळला आणि मृताच्या शर्टाखाली सारला. “लोकांनी त्याला असं नको पाहायला,” म्हणाला. मला ते सभ्यपणाचं वाटलं.

मेतोद शिडी उतरून खालच्या पायरीवर बसला होता. एक डोळा बंद, मनगट उलट्या बाजूला लोंबलेलं, पाठीवरचा शर्ट चिकटून काळा झालेला. मी जवळ गेले.

“मेतोद, काय झालं?”

“मी मारलं, बाई.”

“का?”

त्याने धड असलेला हात उघडून तळव्याकडे पाहिलं. “आज पहिल्यांदा हातात काहीतरी होतं,” म्हणाला.

राज्य पोलीस त्याला घेऊन गेले. गर्दीतून एक म्हातारी माझ्या बुटांवर थुंकली. “तुमच्या एका निर्णयापायी,” ती म्हणाली. “भाऊ भावाला खाऊन बसला.”


शनिवार, २० ऑगस्ट

वळ: निळे पडले आहेत. मध्ये अजून जांभळे. पिवळं काही नाही.

सरकारी वकिलाचं म्हणणं पेपरात आहे: हरलेल्या सामन्यावरून भांडण, उपकारकर्त्या भावाचा खून. मेतोदच्या अंगावरच्या जखमा शुक्रवारच्या झटापटीतल्या, सगळ्या ताज्या. त्याआधी दोघांत काही वाद होता असं गावात एकही माणूस सांगत नाही. मेतोद स्वतः बोलत नाही. त्याला जन्मठेप होऊ शकते.

राज्य पोलिसांचा एक अधिकारी माझ्याकडे आला. तुम्ही आधी काही पाहिलं होतं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, एका धावपटूला त्याच्या कोचने धरलेलं पाहिलं. त्याने तेवढंच लिहून घेतलं. पाहिलं तेवढंच सांगायचं.

लोक म्हणतात मी हा खून घडवला. मी पुन्हा पुन्हा तो क्षण मनात चालवते. धाव, हात वर, डोकं खाली, पंजा. निर्णय चुकला असेल का, एवढाच विचार करते. चुकला असेल तर एक माणूस मेला आणि एक तुरुंगात गेला, केवळ माझ्या डोळ्यांमुळे.


सोमवार, २२ ऑगस्ट

सकाळी अंघोळीनंतर आरशासमोर उभी राहिले, रंग नोंदवायला. सहावा दिवस. वळ मध्ये हिरवट झाले आहेत. कडांना पिवळे. जुन्या पितळेसारखे.

हे शब्द मी आधी लिहिले आहेत, हे लिहितानाच लक्षात आलं. पानं मागे उलटली. चौदा तारीख.

फोटो आणला. दंडाशेजारी धरला. तोच रंग.

मी तशीच ओल्या अंगाने टबच्या कडेवर बसले. तेहेतीस वर्षं मी मुलांना सांगत आले की रंग हे घड्याळ आहे. रंग पाहा आणि क्रिया किती वेळ चालली आहे ते सांगा. शनिवारी संध्याकाळी सहाला धरलेला दंड रविवारी सकाळी दहाला लाल असतो, जांभळा असतो. माझा होता. मी स्वतः नोंदवलं आहे. पिवळा व्हायला तरुण अंगालाही चार-पाच दिवस लागतात. ते वळ सामन्याचे नव्हतेच. सामन्याचे त्या सकाळी बहुधा अजून नीट उमटलेही नव्हते. मी जुन्या माराचा फोटो काढला, त्यावर ‘मदत’ असं लिहिलं, आणि मारणाऱ्यासमोर टेबलावर ठेवला.

आणि त्याचा तोल गेला नव्हता. हात आला म्हणून डोकं खाली गेलं होतं.

जिना. सायकल. चूल.

कपडे केले आणि अँब्रोसकडे गेले. तो घरी आला आहे, नळीने सूप पितो आणि पाटीवर लिहून बोलतो. मला पाहून त्याने लिहिलं: “वाटलं होतं आता तरी बायको माझं बोलणं मध्येच तोडणार नाही. आता पाटीच पुसते.”

मी त्याच्यासमोर फोटो ठेवला आणि विचारलं, “आठ तारखेच्या सुमाराला काय झालं होतं?”

त्याने पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं: “सोमवारी मेतोदने सिरिलला सांगितलं की तो डेलावेअरला चालला. जहाजांच्या कारखान्यात काम मिळालं होतं. मला आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, चिठ्ठी ठेव आणि जा, सांगू नकोस. पण तो म्हणाला, दादाने वाढवलं, न सांगता कसं जाऊ.”

“तुला माहीत होतं? हे सगळं?”

पुसलं. लिहिलं: “सगळ्यांना.”

“मग मला कुणी—”

“आम्हाला वाटलं तुलाही माहीत आहे, व्हिल्मा. तुझ्याच वर्गात होता तो.” पुसलं. “आणि तुझ्या हातातही पट्टी असायची. तुझ्याकडे कोण येणार.”

त्याने पाटी खाली ठेवली. ती शेवटची ओळ त्याने पुसली नाही. मीच पुसली, रुमालाने, आणि मग विचारलं की हे तो न्यायालयात लिहील का. त्याने होकारार्थी मान हलवली. जबड्याकडे बोट करून अंगठा वर केला. बोलायचं नाहीच आहे, लिहायचंच आहे, असं म्हणायचं होतं त्याला. त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “लिहील. नाही लिहिलं तर मी तारा तोडते.”


मंगळवार, २३ ऑगस्ट

मेतोदची सरकारने नेमलेली वकील लेनोर श्टाउफर, माझ्या निम्म्या वयाची, टेबलावर सर्वत्र कागद. तिने ही वही सुरुवातीपासून वाचली. मी समोर बसून होते. पंचावर सगळं मैदान ओरडतं तेव्हा उभं राहावं लागतं तेवढं हे सोपं नव्हतं.

“शुक्रवारच्या आधीचं दुसरं काहीही नाही आपल्याकडे,” ती म्हणाली. “एक माणूस बोलत नाही. फोटोला तारीख आहे आणि तुमच्या हातावर त्याच माणसाच्या बोटांचा रोजचा रंग आहे. डॉक्टरला एवढं पुरेल. आणि हे पट्ट्याचं, बर्नीने सारलेल्या—”

“ते मी पाहिलं.”

“तुम्हाला ते सभ्यपणाचं वाटलं, असंही लिहिलंय.”

“हो.”

“सरकारी वकील तुम्हाला उभं करतील तेव्हा प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतील. मदत म्हणून लिहिलंत. शाबास म्हणून मान हलवलीत. पट्टीचं वाचतील. मी काही पानं काढून टाकू शकत नाही. दिली तर सगळी द्यावी लागेल.”

“म्हणूनच आणली आहे.”

“गावात राहणं कठीण जाईल.”

मी म्हटलं, गावात राहणं मेतोदला पंधरा वर्षं कठीण गेलं. तिने पेन पुढे केलं आणि म्हणाली, काय काय देता ते शेवटच्या पानावर लिहा, म्हणजे मागाहून कुणी म्हणू नये की हे नंतर घातलं.

तेच लिहिते आहे. दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. ही चौकटीच्या कागदाची वही, चौदा तारखेपासून या ओळीपर्यंत, एकही पान न फाडता. माझा लोखंडी मुखवटा, वरची सळी वाकलेली, आतल्या कातड्यावर अँब्रोसचं रक्त, पुसलेलं नाही. माझ्या डाव्या दंडाचे आज इथेच काढलेले तीन फोटो. लीगला पाठवलेल्या अहवालाची प्रत आणि सोबत आज सकाळचं माझं पत्र, ज्यात मी लिहिलं आहे की ‘मदत’ हा शब्द मी मागे घेते. त्या संध्याकाळी तिसऱ्या बेसवर मेतोद हुदाकला कुणी मदत केली नाही. मेपलची पट्टी, चौकटीतून काढलेली. वकीलबाईंनी मागितली नव्हती, तरी ठेवून घेतली.

आणि मेतोदच्या दंडाचा तो फोटो. खालच्या पट्टीवरची ओळ खोडू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, खोडू नका. खोडलेली नाही. तारीख, वेळ आणि खाली माझ्या अक्षरात आहे तसंच: कोचने धावपटूला केलेल्या मदतीचा पुरावा.

दिलं. पोच घेतली नाही.

व्हिल्मा ड्रोबनिक